विषय क्रमांक चार : नायिकेने इंदापूरला जावे काय

३ ऑक्टोबर, मंगळवार

आज नाव नोंदवले. नोव्हेंबरच्या तीस दिवसांत पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायची, असा मोबाइलवरच्या एका लेखक-गटाचा उपक्रम आहे. अर्जात वय विचारले होते, सदुसष्ट लिहिले. लेखनाचा अनुभव विचारला होता, तिथे ‘महिला दूध संस्था, सचिव, एकतीस वर्षे’ असे लिहिले. एकतीस वर्षांत मी सभांची अकरा प्रोसिडिंग बुके भरली. एकाही पानावर खाडाखोड नाही. दुधाच्या फॅटवरून भांडणाऱ्या सत्तर बायकांचे म्हणणे दोन ओळींत बसवले आहे. कादंबरी जड जाऊ नये.

रोज १६६७ शब्द पडतात. तिसाव्या दिवशी १६५७ पुरतात. शेवटी दहा शब्दांची सूट आहे, पण ती घ्यायची नाही असे ठरवले.

मोहनरावांना सांगितले. (मोहनराव म्हणजे आमचे हे. तोंडाने नाव कधी घेतले नाही. डायरीत घेते, इथे कोण ऐकतो.) ते साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. त्यांनी विचारले, “लागण कधी आणि तोड कधी?” लागण एक नोव्हेंबर, तोड तीस नोव्हेंबर, असे सांगितले. “एवढ्यात उसाला फुटवासुद्धा येत नाही,” म्हणाले आणि जळोचीच्या चौकात पेपर आणायला गेले.

५ ऑक्टोबर, गुरुवार

गटाच्या सूचना आल्या. ऑक्टोबर हा पूर्वतयारीचा महिना. आधी कथानक ठरवायचे.

ठरवले. सृष्टी ही सांगवीच्या एका बागायती घरातली शिकलेली सून. तिला इंदापूरला सरकारी नोकरीची ऑर्डर येते. ती तीन प्रकरणे विचार करते. मग ऑर्डर फाडून टाकते आणि घरी राहते. घर भरभराटीला येते. शेवटी सासू तिच्या हाती किल्ल्या देते. कुठेही अडले नाही. पाऊण तास लागला.

उत्कर्षाला, म्हणजे आमच्या सुनेला, वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती. “इंदापूरच का घेतलंत, आई?” असे तिने विचारले. तिथली हवा मला माहीत आहे, म्हटले. खरे तर मी इंदापुरात कधी मुक्कामाला राहिलेले नाही. पण पन्नास किलोमीटरवर हवा फारशी बदलत नसावी.

१० ऑक्टोबर, मंगळवार

आज घरात नियम जाहीर केले. चहाच्या वेळी तिघेही समोर होते. मोहनराव, आमचा मुलगा रविराज आणि उत्कर्षा.

एक. दिवाळी यंदा नोव्हेंबरात येते. म्हणून फराळ ऑक्टोबरातच होईल. दोन. नोव्हेंबरभर स्वयंपाक उत्कर्षाकडे. तीन. तीस नोव्हेंबरपर्यंत माझ्याशी कादंबरीबाहेरचे काहीही बोलायचे नाही. लक्ष विचलित होते.

रविराज म्हणाला, “आणि महत्त्वाचं काही असलं तर?” महत्त्वाचे असेल तर ते कादंबरीत येईलच, असे सांगितले. तो एमआयडीसीत शिफ्टवर गेला. मुलगा कष्टाळू आहे पण बोलताना खाली बघतो.

दुपारी मोहनरावांनी घड्याळ लावून माझा वेग मोजला. तासाला चाळीस शब्द भरले. या हिशेबाने दिवसाला साधारण बेचाळीस तास लागतील. सुधारणा करावी लागेल.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सृष्टीची फाइल केली. खलनायकाचीही केली. खलनायक वडगाव निंबाळकरचा. त्याचा पत्ता, शिक्षण, जमिनीचा गट नंबर. गट नंबर काल्पनिक घातला, तरी मोहनराव म्हणतात तो नंबर खरा निघेल आणि कोणाचा तरी असेल.

पोस्टमनने उत्कर्षाच्या नावाचे रजिस्टर पाकीट आणले. पाकीट वाचून ती माझ्यापाशी आली, काही बोलू लागली. मी नियम क्रमांक तीनची आठवण करून दिली. “कादंबरीविषयी आहे का?” असे विचारले. ती पाकीट मिटून म्हणाली, “आहे, असं वाटतंय.”

मग लेखी दे, म्हटले. तोंडी सूचना मी संस्थेतही घेतल्या नाहीत.

१५ ऑक्टोबर, रविवार. घटस्थापना

गटाची नवी सूचना: ‘आपले कथानक तीन विश्वासू वाचकांना दाखवा.’

ही पद्धत चुकीची आहे. तीन माणसे तीन ठिकाणी तीन मते देतात, आणि नंतर प्रत्येक जण म्हणतो मी असे बोललोच नव्हतो. मत घ्यायचे तर सभा बोलवावी, गणसंख्या पाहावी, सूचक-अनुमोदक घ्यावा. म्हणजे नंतर कटकट नाही. संस्थेच्या जुन्या अकरा सदस्यांना सात दिवसांची नोटीस काढली. स्थळ आमचे घर, जळोची. दिनांक २२, दुपारी तीन. विषय: १. कथानकास मंजुरी. २. खलनायकाचे गाव. ३. म्हशीच्या पात्रास मान्यता. ४. नायिकेने नोकरी नाकारण्याच्या प्रसंगास मंजुरी. ५. ऐनवेळी येणारे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने.

१८ ऑक्टोबर, बुधवार

उत्कर्षाने लेखी प्रश्न दिले. अक्षर चांगले आहे. मी खाली उत्तरे लिहून कागद परत दिला.

प्रश्न: सृष्टीला हजर होण्याची शेवटची तारीख एक नोव्हेंबर धरावी का?
उत्तर: हरकत नाही.

प्रश्न: एकदा ऑर्डर नाकारली तर पुन्हा मिळते का?
उत्तर: नाही.

प्रश्न: सृष्टीचे मत कोणी विचारले आहे का?
उत्तर: नायिकेचे मत लेखिका ठरवते.

एवढ्या बारकाईने माझे काम याआधी कोणी वाचले नव्हते. बरे वाटले. फराळाचे कामही तीच करते आहे. चकल्या झाल्या, नवरात्राच्या चौथ्या माळेला. शेजारी वास जाऊन दोन बायका चौकशी करून गेल्या.

मोहनराव हल्ली स्वयंपाकघरात असतात. आज उत्कर्षा त्यांना भाकरी थापायला शिकवत होती. सत्तरीत हे काय नवीन, असे विचारले तर म्हणाले, “नोव्हेंबरची तयारी. फक्त तूच तयारी करायची असं कुठं आहे?” माझ्या लेखनाला त्यांचा पाठिंबा आहे हे पाहून समाधान वाटले. भाकरी त्रिकोणी होती.

२२ ऑक्टोबर, रविवार

सभा झाली. सगळे लिहून ठेवते, कारण मन ठिकाणावर नाही.

तीन वाजता अकरापैकी चार सदस्या हजर. गणसंख्या सात. नियमाप्रमाणे सभा तहकूब केली आणि अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा घेण्याचे जाहीर केले. त्या अर्ध्या तासात अष्टमीचा उपास असणाऱ्यांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, नसणाऱ्यांनी चकल्या. साडेतीनला तेच लोक त्याच खुर्च्यांवर बसले आणि सभा कायदेशीर झाली.

अध्यक्षस्थानी ठमाबाई. संस्थेच्या पहिल्या चेअरमन, आता ऐंशीच्या पुढे. छबूबाई वडगावहून आल्या होत्या. त्यांना मोटारसायकलवर घेऊन आलेले त्यांचे यजमान दादासो ‘बाहीर उन्हात काय करू’ म्हणून आत येऊन बसले. त्यांना आणि आमच्या दोघा पुरुषांना निमंत्रित म्हणून बसवले. इतिवृत्त लिहायला उत्कर्षा.

दादासो म्हणाले, “निमंत्रिताला मत आसतंय का?” ठमाबाई म्हणाल्या, “चकली खाल्ली नव्हं? मग हाय.” हे नियमात नाही. पण अध्यक्षांचा निर्णय अंतिम असतो.

विषय एक वाचून दाखवला, पुढे ढकलला.

विषय दोन. छबूबाईंनी लगेच हरकत घेतली. “वडगावचा नगं. आमी तितं ऱ्हातो. उद्या लोक म्हणत्याल दादासोवरच लिहिलंय.”

“माझ्यावर लिहिलं तर माझी काय हरकत न्हाय,” दादासो म्हणाले.

“तुमी गप बसा. तुमाला चहात साखर घातली का न्हाय ते कळत न्हाय, खलनायक व्हायला निघाले.”

मग खलनायक सांगवीला हलवला. तिथे एका सदस्येचे माहेर. जळोचीत ठेवावा तर आमचीच भावकी. नदीपलीकडे न्यावा तर ठमाबाईंची लेक दिलेली. पाऊण तास चर्चा होऊन खलनायक नीरा नदीच्या पात्रात राहतो, असे सर्वानुमते ठरले. पावसाळ्यात तो कुठे जातो हे नंतर पाहू.

विषय तीन. म्हैस मंजूर. नाव ठेवण्याचा अधिकार छबूबाईंना.

विषय चार. मी प्रसंग वाचला. सृष्टी ऑर्डर फाडते. बऱ्यापैकी लिहिला आहे, आवाजही मी चढवला होता. मग छबूबाई म्हणाल्या, “का फाडती?”

कर्तव्य म्हणून, असे सांगितले.

“कुणाचं? सासूला हात न्हाईत का पाय न्हाईत? का सासू आजारी हाय?”

सासू धडधाकट आहे, म्हटले.

“मग सासू काय करती दिवसभर?”

याचे उत्तर फाइलमध्ये नव्हते.

ठमाबाई म्हणाल्या, “सारजे, तुझी बी आर्डर आलती की. इंदापूरची. तुज्या लग्नाच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्साला.”

हा विषय विषयपत्रिकेवर नाही, असे मी निदर्शनास आणले.

“नसू दे. कुणी न्हाय म्हणायच्या आत तू सवताच चुलीत घातलीस. सासरा म्हणाला, आगं मला इचारायचं तरी. मी हुते की तितं, घुगऱ्या खात.”

विषयपत्रिकेवर नसल्याने त्याची नोंद घेऊ नये, असे मी उत्कर्षाला सांगितले. तिने लेखणी उचललेलीच होती. ती तशीच धरून माझ्याकडे पाहत राहिली.

तेव्हा तिने हात वर केला. विषय पाच, ऐनवेळचे विषय, त्यात दुरुस्ती मांडायची आहे म्हणाली. इतिवृत्त लिहिणाऱ्याला दुरुस्ती मांडता येते का? मला आठवेना. एकतीस वर्षांत मी कधी मांडली नाही. ठमाबाईंनी परवानगी दिली.

तिने कागदावरून वाचले. “नायिकेने इंदापूरच्या नोकरीवर मुदतीत हजर व्हावे. ड्यूटी पाळीची असल्यामुळे तिने तिथेच खोली घेऊन राहावे. नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी जावे किंवा तिने यावे. घरच्यांनी आपापला स्वयंपाक करावा.”

“सूचक मी,” छबूबाई म्हणाल्या.

“अनुमोदन,” मोहनराव म्हणाले. आमचे हे. एवढ्या मोठ्या आवाजात त्यांना मी फक्त ट्रॅक्टर मागे घ्यायला सांगताना ऐकले आहे.

हात वर झाले. रविराजचा अर्धाच होता. ठमाबाईंनी विचारले, “रविराज, त्यो हात डोकं खाजवायला हाय का मताला?”

तो खाली बघत होता. मग वर बघून म्हणाला, “मताला, आज्जी.”

बाजूने सात, विरोधात शून्य. ठराव मांडणारी म्हणून उत्कर्षाने स्वतःचे मत धरले नाही, हे बरोबर केले. सेक्रेटरीला मत नसते. एकतीस वर्षे नव्हते. आजवर त्याचे कधी काही वाटले नाही.

आभार मानून सभा संपली. कादंबरीची मात्र वाट लागली.

२४ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

सोने द्यायला जो येतो तो सृष्टीची चौकशी करतो. “जायचं ठरलं म्हणं?” छबूबाईंनी वडगावहून लिंबाच्या लोणच्याची बरणी पाठवली. ‘खोलीवर लागंल’ असा निरोप. कादंबरीतल्या बाईला लोणचे लागत नाही, असे मी दादासोंना सांगितले. ते म्हणाले, “मला एवढंच म्हाईत की बरणी परत न्यायची न्हाय.” उत्कर्षाने ती ठेवून घेतली.

संध्याकाळी रविराज दोन बर्नरची नवी शेगडी घेऊन आला. सणाची खरेदी म्हणाला. आपल्याकडे शेगडी आहे. विचारणार होते, पण नियम माझाच.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

ठराव झाला तरी कादंबरी माझी आहे. मूळ कथानकच लिहीन, असे ठरवून बसले. तीस प्रकरणांची यादी करायला घेतली. पहिली तीन झाली. तिसऱ्याच्या शेवटी सृष्टी ऑर्डर फाडते.

चौथ्यापासून तिसाव्यापर्यंत: ‘घर भरभराटीला येते.’

पुढे काही सुचेना. सत्तावीस प्रकरणांना तीन शब्द. सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत बसले. सृष्टी उठते, दूध काढते, संस्थेत जाते, लोकांचे ठराव लिहिते, घरी येते. यात वाईट काहीच नाही. चांगले आयुष्य आहे. कोणीही तक्रार करू नये असे आहे. पण ते लिहिताना माझा वेग तासाला चाळीसवरून सहावर आला.

२९ ऑक्टोबर, रविवार

उत्कर्षाने इतिवृत्ताची पक्की प्रत सहीला आणली. एकही खाडाखोड नाही. ठमाबाईंचे ते बोलणेही तिने गाळले होते, मी सांगितल्याप्रमाणे. प्रतीच्या खाली दुसरा कागद जोडला होता. तो वाचला. इंदापूरचा सरकारी दवाखाना, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, हजर होण्याची अंतिम तारीख १ नोव्हेंबर. नाव सृष्टीचे नव्हते.

दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

“हे कधी आलं?” मी विचारले.

“बारा तारखेला. पोस्टमननं दिलं तेव्हा तुम्ही समोरच होता.”

“मला का नाही सांगितलंस?”

“कादंबरीबाहेरचं बोलायचं नाही म्हणालात. मग कादंबरीत बोलले.” हे तिने अगदी साधेपणाने सांगितले, टोमणा नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. “तुम्ही सही नाही केली तर मी जाणार नाही, आई. भांडून जायचं नाही असं माझं आधीच ठरलंय. पण फाडणार नाही. फाडायची असली तर तुम्ही फाडा.”

आणि कागद टेबलावर ठेवून ती चिवड्याचे पोहे उन्हात घालायला गच्चीवर गेली.

मोहनराव दारात उभे होते. हाताला पीठ. त्यांना म्हटले, “तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“सगळ्यांना?”

“छबूबाईंना नव्हतं,” ते म्हणाले. “त्यांनी नुसतं कथानक ऐकून मत दिलं.”

३० ऑक्टोबर, सोमवार

सही केली नाही. फाडलाही नाही. कागद दिवसभर टेबलावर होता आणि आम्ही चौघे त्याला वळसा घालून फिरत होतो. जेवताना ताटे ओट्यावर घेतली.

नोव्हेंबरात घर कोण बघणार, हा मुद्दा मी मनाशी मांडला. त्याला अनुमोदक मिळाला नाही.

ती गेली तर मला एकटीला राहावे लागेल, असे लिहिणार होते. पण घरात मोहनराव आहेत, रविराज आहे. तेव्हा ते वाक्य चूक आहे. बरोबर वाक्य कोणते ते सापडले नाही.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी इतिवृत्त पुन्हा वाचले. ठरावात एक दोष आहे. अंमलबजावणी कोणी आणि कशी करायची, ते लिहिलेले नाही. असे ठराव वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात, मी शेकडो पाहिले आहेत. उत्कर्षाला हाक मारली आणि दोष दाखवला. तिचा चेहरा उतरला. तिला वाटले मी तेवढ्यावरून नामंजूर करते आहे.

मी म्हटले, लिही. ‘सदर ठरावाची अंमलबजावणी दिनांक १ नोव्हेंबर रोजी सकाळच्या पहिल्या एसटीने करण्यात यावी. सोबत श्री. रविराज यांनी जावे व खोली झाडून द्यावी. सचिवांनी डबा द्यावा.’

ती लिहीत होती. शेवटच्या ओळीवर शाई पसरली, कारण वरून पाणी पडले. ते पान बदलायला हवे होते. बदलले नाही. खाली सही केली, तारीख घातली. माझ्या प्रोसिडिंगमधला हा पहिला डाग.

ती पाया पडायला वाकली. पुरे, म्हटले, वेळ नको घालवू, कपडे भर. कोणते स्वेटर घेतेस ते मला दाखव.

१ नोव्हेंबर, बुधवार

पहाटे उठून डबा केला. मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी, अर्धे लोणचे. चकल्या सगळ्या दिल्या. बारामती स्टँडवर गाडी वेळेवर लागली. गाडी सुटेपर्यंत कंडक्टर एकटाच बोलत होता.

नऊ वाजता लिहायला बसले. मंजूर कथानकाप्रमाणे. ‘सृष्टी इंदापूरला उतरली.’ तीन शब्द.

मग थांबले. उतरल्यावर काय होते ते मला माहीत नाही. स्टँडवरून दवाखान्याला कुठून वळतात? नवीन बाई हजर झाली की पहिल्या दिवशी तिला बसायला खुर्ची देतात का? दुपारचे जेवण कुणाबरोबर होते? खोलीवर परत आल्यावर दार आपणच उघडायचे, आत कोणी नसते, तेव्हा कसे वाटते? यातले एकही फाइलमध्ये नाही. एक वाजेपर्यंत तीनच शब्द होते. मोहनरावांनी जेवायला वाढले. खाल्ले.

सात वाजता फोन केला. रविराज दुपारीच निघाला होता, ती एकटी होती. आवाज दमलेला पण बरा.

“खिडकीतून काय दिसतं?” मी विचारले.

“काय?”

“खोलीच्या खिडकीतून. मला लागतंय.”

ती उठून गेल्याचा आवाज आला. “समोर पत्र्याची शेड आहे. तिच्यावर एक मांजर बसलंय. खाली एक आजी दोरीवरचे कपडे काढतायत. एक साडी लांबपर्यंत गेलीय, त्यांच्याच्यानं आवरेना.”

“कोणत्या रंगाची?”

“आई, अंधार पडलाय. हिरवी असावी.”

“असावी नको. नीट बघ.”

“हिरवीच आहे.” ती हसली असावी. तेवढ्यात म्हणाली, “थांबा, मी खाली जाऊन त्यांना धरू लागते.” फोन चालूच राहिला. जिन्याचे आवाज आले, मग दोन बायकांचे बोलणे, त्यातले काही कळेना. मी लिहीत होते.

दहा मिनिटांनी ती परत आली. तिला सांगितले की रोज सात वाजता फोन येईल, कादंबरीचे काम आहे.

“आणि एखाद्या दिवशी काम नसलं तर?”

“पन्नास हजार शब्द आहेत,” मी म्हटले. “काम असणारच.”

आजचे शब्द दोनशे बारा.